घोषणाबाईंचा आवाज कुठं गेला होता

तुमचा आवाज या घडीला नेमका कुठं ठेवलाय, सांगता येईल?

गळ्यात, म्हणाल. म्हणा. मीही तेच म्हटलं असतं, आणि वर विचारणाऱ्यालाच झापलं असतं की बाबा, तुला दुसरं काही काम नाही का. पण एका बाईंचा आवाज गळ्यात उरला नव्हता. तो त्यांच्याच घरातल्या लॅपटॉपमध्ये होता, आणि जिथं आहे असं कागदावर स्वच्छ छापलं होतं तिथं तो नव्हता. त्यांच्या शेजारी बसून आम्ही तो शोधला. आरडाओरडा माझा, शोध त्यांचा.

बाई बसस्थानकावर घोषणा करायच्या. अमुक गाडी तमुक फलाटावर लागली आहे, हे सांगणारा आवाज. सगळं गाव त्यांना घोषणाबाई म्हणायचं आणि निम्म्या गावानं त्यांचं तोंड बघितलेलं नव्हतं. मी पण घोषणाच देते, पण माझ्या वेगळ्या. लोकांच्या तक्रारी घेऊन कचेऱ्यांच्या खिडक्यांवर जाते, आणि खिडकी उघडली नाही की आवाज चढवते. शाळा माझी लवकर सुटली. पुढचं शिक्षण कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर झालं आणि तिथं मी पहिल्या नंबरानं पास आहे, हे मी कोणालाही छाती ठोकून सांगते.

आमची ओळखही खिडकीवरच झाली. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांसाठी स्थानकात उतार बांधून देतो म्हणाले होते, आणि बांधला नव्हता. मी स्थानकप्रमुखाच्या खिडकीशी उभी राहून त्याचं जे काय करायचं ते करत होते. तेवढ्यात वरच्या कर्ण्यातून आवाज आला, शांत, गोड, किंचित घोगरा:

"खिडकीशी भांडत असलेल्या बाईंनी कृपया आवाज खाली घ्यावा. मागे येणारी गाडी मला ऐकू येत नाहीये."

आणि नेहमीच्या पद्धतीनं तेच पुन्हा एकदा. अख्खं स्थानक हसलं. स्थानकप्रमुखही हसला, मेला. मला आजवर पोलिसांनीही गप्प केलं नव्हतं. मी तरातरा जिना चढून वर गेले, दार ढकललं, तर काचेच्या खोलीत एक बुटकी, जाड चष्म्याची बाई मांडीवर हात ठेवून बसलेली. म्हणाली, "ये. फार ओरडतेस गं. घसा बसेल. चहा घेतेस का?"

त्या चहानंतर मी त्या खोलीत किती वेळा बसले असेन त्याला गणती नाही. खोली एवढीशी. टेबलावर वाकड्या मानेचा माइक, बाजूला पंखा. बोलायच्या आधी बाई पंखा बंद करायच्या, कारण पंख्याची घरघर माइकमध्ये जाते. उन्हाळ्यात घामानं निथळत बसतील, पण घरघर जाऊ देणार नाहीत. पूर्वी त्या कंडक्टर होत्या. गाडीतून उतरताना पाय मोडला, तेव्हा हलकं काम म्हणून माइकपुढं आणून बसवलं. हलकं काम! त्या खोलीतून त्या सगळं स्थानक हाकायच्या.

त्यांची एक रीत होती. फलाटांवर दिव्यांच्या पाट्या लावलेल्या, कुठली गाडी कुठं लागणार ते दाखवणाऱ्या. बाई त्या पाटीकडं ढुंकून बघायच्या नाहीत. काचेतून वाकून गाडी स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या आणि मगच बोलायच्या. "पाटी आधी लिहिलेली असते," म्हणायच्या, "गाडी आत्ता आलेली असते." पाटीखाली गर्दी करून गाडी आली नाही म्हणून शिव्या देणारे लोक, आणि गाडी बिचारी मागच्या भिंतीशी उभी, हे मी तिथून वरून बघितलंय.

आणि कधी कधी गाडी हरवायचीच. आगारातून सुटल्याची नोंद आहे, स्थानकात पोचलेली नाही. कुठं वळवली, कुठं थांबवली, कोणाला माहीत नाही. फोन लागत नाही. अशा वेळी बाई डोकं धरून बसायच्या नाहीत. त्याच आगारातून निघणाऱ्या पुढच्या गाडीच्या ड्रायव्हरला निरोप द्यायच्या: तिला ज्या वाटेनं पाठवली त्याच वाटेनं तू ये, मधे डोकं चालवू नकोस, आणि तुला कुठं वळवतात ते मला सांग. दुसरी गाडी जिथं वळायची तिथंच पुढं पहिली सापडायची. आगारातले लोक याला "बाईंची माग काढणारी गाडी" म्हणायचे.

मग बाईंचा घोगरेपणा वाढला. आम्ही म्हटलं, बोलून बोलून झालं असेल. खडीसाखर, गरम पाणी, सगळं झालं. डॉक्टरांनी आत नळी घालून बघितलं आणि त्यांच्या लेकीला बाहेर बोलावलं. बाई म्हणाल्या, "बाहेर काय बोलवता, घोषणा सगळ्यांसमोर करायची असते." तेव्हा त्यांनी सांगितलं. गाठ स्वरयंत्रावरच होती. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, श्वास गळ्याला ठेवलेल्या भोकातून घ्यावा लागेल, आणि आवाज जाईल. कमी होईल असं नाही, जाईल.

दवाखान्यात बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक मॅडम होत्या. गळ्याला लावायच्या यंत्रानं पुढं थोडं बोलता येतं, पण शिकायला वेळ लागतो आणि आवाज यंत्रासारखाच येतो, असं त्यांनी सांगितलं. आणि मग एका प्रोग्रॅमबद्दल सांगितलं. फुकट होता, कुठल्याशा स्वयंसेवकांनी बनवलेला. आवाज आहे तोवर आपली वाक्यं रेकॉर्ड करून ठेवायची. नंतर पडद्यावरच्या चित्रावर बोट ठेवलं की लॅपटॉप आपल्याच आवाजात बोलणार.

त्याच्या सूचनांचा कागद मीच छापून आणला. प्रोग्रॅम कसा टाकायचा, माइक कसा जोडायचा, आणि ठळक अक्षरात: तुमच्या सर्व ध्वनिफायली प्रोग्रॅमच्या फोल्डरमधील 'आवाज' या फोल्डरमध्ये जमा होतील. या फोल्डरची प्रत काढून सुरक्षित ठिकाणी ठेवा. मला तो कागद इतका आवडला की मी तो भिंतीला चिकटवला. सरकारी कागद वाचून वाचून माझे डोळे विटलेले. इथं कोणीतरी माणसासारखं लिहिलं होतं.

लेकीनं आतल्या खोलीत खिडकीला रजया लावल्या. बाई नेहमीसारख्या ताठ बसल्या, पंखा बंद केला, पाण्याचा घोट घेतला आणि कामाला लागल्या. पाणी दे. दिवा मालव. दुखतंय. दुखत नाही, उगाच विचारू नका. आणि प्रत्येक वाक्य दोनदा.

"आई, दोनदा कशाला?" लेक म्हणाली. "एकदा बोललीस तरी पुरे."

"पहिल्यांदा कोणी ऐकत नसतं गं," बाई म्हणाल्या. "सगळ्या जन्माचा अनुभव आहे."

मॅडमनी दिलेली वाक्यं संपली तेव्हा बाईंनी स्वतःची काढली. जावयाला रागावायची. भाजीवाल्याशी घासाघीस करायची. कोणी फार शहाणपणा केला की म्हणायचं ते लांबलचक "हंऽऽ". चूक झाली की जिभेनं काढायचा तो 'च्च'. एकेक झालं की लगेच लावून ऐकायच्या, नाही पटलं तर पुन्हा. लेकीच्या नावानं हाक मारायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला. रागाची हाक, जेवायला बोलवायची हाक, आणि बाहेरून येऊन नुसतंच घरात आहेस का बघायची हाक. तीन वेगळ्या. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. माणूस एकाच नावाला किती तऱ्हांनी हाक मारतो, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

शेवटी त्या माझ्याकडं वळल्या. "ए भांडकुदळ, मला हसव. हसू राहिलंय."

आता ठरवून हसवायचं म्हणजे काय करायचं? मी त्यांना एका साहेबाची गोष्ट सांगितली. मी टेबलावर हात आपटला आणि त्याची चाकांची खुर्ची मागं घसरत घसरत कपाटात गेली, आणि कपाटाचं दार त्याच्यावर बंद झालं. खरी गोष्ट आहे. बाई अशा हसल्या की माइकचा दांडा हलला.

लेकीनं सूचनांप्रमाणे 'आवाज' फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवला आणि पेनड्राइव्ह कपाटाच्या आतल्या खणात दागिन्यांशेजारी ठेवला. मग बाई दवाखान्यात गेल्या.

घरी आल्या तेव्हा गळ्यावर जाळीचा रुमाल, हातात पुसता येणारी पांढरी पाटी. जावई गुणी मुलगा आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कोणी त्याला नावं ठेवायला नको. बाईंचे हात अजून थरथरत होते, पासवर्ड टाकायला त्रास होईल, डोळ्यांनाही ताण नको, म्हणून त्यानं लॅपटॉपवर त्यांच्यासाठी नवं खातं उघडून ठेवलं होतं. अक्षरं मोठी, चित्रं मोठी, चालू केलं की थेट बोलायचा प्रोग्रॅमच समोर. आम्ही सगळे जमलो. बाईंनी बोट उचललं आणि पेल्याच्या चित्रावर ठेवलं.

लॅपटॉपमधून एक अनोळखी पुरुष बोलला, "नमुना एक."

"नमुना तू असशील!" मी म्हटलं. कोणी हसलं नाही.

बाईंनी उशीवर ठेवलं बोट, दिव्यावर ठेवलं. नमुना दोन. नमुना तीन. लेकीच्या फोटोवर ठेवलं, तर काहीच नाही. लेक आत गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

जावयानं कागद भिंतीवरून काढला, ओळीवर बोट ठेवून तो फोल्डर उघडला. आत त्या पुरुषाच्या नमुन्याच्या फायली, बाकी शुकशुकाट. कपाटातला पेनड्राइव्ह आणला. त्यातही तोच पुरुष. आम्ही त्या माणसाला दागिन्यांशेजारी जपून ठेवलं होतं! फोल्डर उतरवताना आत फायली दिसल्या, झालं म्हटलं, आणि उघडून कोणी ऐकल्या नाहीत.

मी फोन लावला. कागदाच्या तळाशी मदतीचा नंबर होता. उचलणारा मुलगा अदबीनं बोलत होता.

"ताई, फायली त्याच फोल्डरमध्ये जातात."

"तिथं नाहीत."

"सूचनांप्रमाणे केलंत का?"

"अक्षरशः. आता तूच सांग, तिथंच जातात हे तू बघितलंयस?"

"मी... मी सूचनांचं मराठी केलंय फक्त."

मी त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही. फोन ठेवला तेव्हा बाईंनी पाटी माझ्यासमोर धरली. *दम लागेल तुला.*

दुसऱ्या दिवशी आम्ही लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात नेला. बाई, जावई आणि मी. दुकान म्हणजे एक बोळ, दोन्ही भिंतींना उघडी पडलेली यंत्रं, आणि मधे कपाळावर भिंग चढवलेला दुरुस्तीवाला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, फोल्डर बघितला, लॅपटॉपभर शोध लावला. काही सापडलं नाही.

"मावशी, रेकॉर्डिंग झालंच नसणार," तो म्हणाला. "माइक बंद राहिला असेल."

बाईंनी लिहिलं: *मी प्रत्येक वाक्य परत लावून ऐकलंय.*

"मग उडालं असेल. होतं असं. एक काम करू, सगळं पुसून मशीन कोरं करतो, प्रोग्रॅम नव्यानं टाकतो. त्यात एका बाईचा तयार आवाज मिळतो, तो लावून देतो. छान आवाज आहे, अगदी बातम्या देणाऱ्यासारखा."

जावई हळूच म्हणाला, "आई, निदान बोलता तरी येईल. तपासणीला जायचंय, कुठं दुखतं विचारतील, पाटीवर किती लिहिणार तुम्ही?"

त्याचंही खोटं नव्हतं. दुरुस्तीवाल्यानं लॅपटॉप स्वतःकडं ओढला, आणि बाईंनी झाकणावर तळहात ठेवला.

"हात लावाल तर बघा!" मी उठलेच.

"अहो ताई, तुम्ही कोण?"

"मी कोण ते कळायची वेळ आणू नका—"

बाईंनी मोकळ्या हातानं पाटीच्या कडेनं माझ्या गुडघ्यावर टोला दिला. मी बसले. त्यांनी लिहायला घेतलं, सावकाश, आणि पाटी तिघांना दिसेल अशी फिरवली.

*सुटली. मी पाहिली. पोचली नाही. म्हणजे वाटेत कुठंतरी वळवली.*

पुसलं. पुन्हा लिहिलं.

*दुसरी पाठवा.*

जावई माझ्याकडं बघायला लागला, दुरुस्तीवाला जावयाकडं. मी मात्र लगेच ओळखलं, कारण मी त्या काचेच्या खोलीत बसलेली होते. मी त्यांना माग काढणाऱ्या गाडीची रीत सांगितली. त्याच वाटेनं आणखी एक पाठवायची आणि कुठं वळते ते बघायचं.

दुरुस्तीवाल्याचे डोळे बारीक झाले. "म्हणजे आत्ता एक नवीन रेकॉर्ड करायचं, आणि या क्षणाला मशीनमध्ये कुठली फाइल जन्मली ते शोधायचं. जमेल की! मी नावानं शोधत बसलो. मावशी, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं राव."

"पण रेकॉर्ड करायला आवाज..." जावई बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

"टाळी वाजवा," दुरुस्तीवाला म्हणाला. "मशीनला काय, टाळी पण आवाजच."

टाळी पुरली असती. बाईंनी ती का वाजवली नाही, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांनी वरच्या पंख्याकडं बोट केलं. दुरुस्तीवाल्यानं पंखा बंद केला. बाहेर रस्त्यावर कोणीतरी शटर ओढत होतं, ते थांबेपर्यंत बाई थांबल्या. मग गळ्यावरचा जाळीचा रुमाल त्यांनी खाली सारला, माइक उचलला आणि तोंडाशी न नेता गळ्याच्या त्या भोकाशी धरला. तोंडाशी नेण्याची इतक्या वर्षांची सवय, आणि हात एकदाही चुकला नाही. लाल दिवा लागला. त्यांनी श्वास घेतला आणि सोडला.

मी मोर्चात लाठ्या बघितल्यात, रडणारी-ओरडणारी माणसं रोज बघते. माझं मन सहजासहजी हलत नाही. पण त्या बोळात, त्या उघड्या पडलेल्या यंत्रांच्या मधे, तो नुसता हवेचा आवाज ऐकताना आम्हा तिघांचेही श्वास थांबले होते. किती लांबून येत होता तो. एखादं मोठं दार कुठंतरी उघडावं तसा.

दुरुस्तीवाल्यानं आधी प्रोग्रॅममध्येच लावून बघितलं. श्वास ऐकू आला. म्हणजे कुठंतरी पोचला होता. मग त्यानं कागदावरचा फोल्डर उघडला. नाही. मग लपवलेलं सगळं दाखव असा हुकूम मशीनला दिला आणि आत्ता या मिनिटाला झालेली फाइल मागितली. कपाळावरचं भिंग उगाचच डोळ्यावर घेतलं.

"ही बघा. हा काय रस्ता झाला! आत, आत, आणखी आत... मधे हे 'आई' काय आहे? कोण 'आई'?"

"मीच," जावई म्हणाला. "म्हणजे मी उघडलेल्या खात्याचं नाव. मोठ्या अक्षरांसाठी..."

दुरुस्तीवाला खुर्चीसकट वळला. "याआधी दुसरं खातं होतं? रेकॉर्डिंग त्यात केलं?"

"हो. ते बाजूला ठेवलंय."

"पुसलं नाहीस ना? खरं सांग हं."

"नाही पुसलं."

त्यानं कपाळावर हात मारून घेतला आणि मग आम्हाला समजावून सांगितलं. मी जसं समजले तसं लिहिते. पूर्वी फायली खरोखरच कागदात म्हटलंय तिथं जायच्या. नंतर यंत्रांचा नियम बदलला. साध्या माणसानं प्रोग्रॅमच्या घरात सामान ठेवायचं नाही, नाहीतर चोरचिलटं शिरतात. पण जुन्या प्रोग्रॅमला हा नियम ठाऊक नाही. त्याला नाही म्हटलं तर तो तिथंच कोलमडेल. म्हणून यंत्र त्याला म्हणतं, हो, ठेवलं बरं का तिथंच. आणि गुपचूप ते सामान बसणाऱ्या माणसाच्या नावानं एका लपवलेल्या कप्प्यात नेऊन ठेवतं. प्रोग्रॅमनं मागितलं की तिथून आणून देतं. त्याला पत्ताच लागत नाही. माणूस बदलला की कप्पा बदलला. आणि एकाच्या कप्प्यात दुसऱ्याला शोधू देत नाही.

"म्हणजे खोटं बोलतं यंत्र," मी म्हटलं.

"खोटं बोलतं, पण सांभाळून ठेवतं," तो म्हणाला. "पुसून कोरं केलं असतं तर ते..." म्हणत त्यानं भिंग पुन्हा कपाळावर चढवलं.

मी बाईंकडं बघितलं. त्या पडद्याकडं बघत होत्या, जशा काचेतून वाकून फलाटाकडं बघायच्या.

दुरुस्तीवाल्यानं जुन्या खात्याच्या नावानं तोच आडवळणाचा रस्ता धरला. यंत्रानं परवानगी मागितली, त्यानं दिली. आणि पडदा भरला. एका खाली एक, एका खाली एक, संपेचनात. पाणी, दिवा, दुखतंय, हाका, रागावणं, 'च्च'. सगळं घर तिथं होतं. ते तिथंच होतं सगळा वेळ. आम्ही त्याच यंत्रासमोर बसून रडत होतो, शिव्या देत होतो, आणि ते आत नीट रचून ठेवलेलं होतं, एकही न हरवता. मला एकदम हात जोडावेसे वाटले, आणि कोणाला जोडायचे ते कळेना.

जावयानं पहिल्या फाइलवर बोट न्यायला घेतलं. बाईंनी त्याचं मनगट धरलं. पाटी: *आधी प्रत.*

"आई, एक तर ऐकू द्या!"

त्यांनी पाटीवर टकटक केलं. तेच.

मग प्रती निघाल्या, दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर. तेवढ्यावरही बाई उठेनात. दुरुस्तीवाल्याच्या स्वतःच्या मशीनकडं बोट केलं: *तिथं उघड.* त्यानं उघडलं. उघडतंय म्हणाला. बाईंनी मान हलवली आणि कानांवर लावायचा हेडफोन मागितला. म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावर घोषणा होणार नव्हती. फाइल त्यांनी स्वतः निवडली, आणि हेडफोन लावून डोळे मिटून ऐकायला लागल्या.

आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त चेहरा दिसत होता. आधी काही नाही. मग ओठांचा एक कोपरा हलला, गाल वर गेले, आणि खांदे गदगदायला लागले. बाई हसत होत्या. गळ्यावरचा जाळीचा रुमाल फडफडत होता, आवाजाचा टिपूस नव्हता. हसता हसता त्यांनी हात लांब केला आणि हेडफोनची वायर यंत्रातून उपटली.

दुकानभर त्यांचं हसू सांडलं.

मला कसं सांगावं कळत नाही. समोर बिनआवाजाचा हसणारा चेहरा, आणि बाजूच्या पत्र्याच्या खोक्यातून त्याच चेहऱ्याचं हसू, माइकचा दांडा हलल्याच्या खडखडाटासकट. आधी दोन्ही मागंपुढं होतं. आवाज पुढं पळत होता, चेहरा मागं राहत होता. मग बाईंनी आवाज धरला. श्वास लांबवला, खांदे त्याच्या लयीत आणले, आणि एका क्षणाला दोन्ही एकाच माणसाचं झालं. समोर बसलेली बाई स्वतःच्या आवाजात हसत होती. मी बघत होते. मागं माझाही आवाज होता रेकॉर्डिंगमध्ये, "अहो खरंच, कपाटात गेला तो!" असं म्हणणारा, आणि तो ऐकून मला रडू फुटलं. मी रडते ही गोष्ट जावयानं बाहेर कुठं बोलू नये, अशी मी त्याला तिथल्या तिथं ताकीद दिली.

निघताना दुरुस्तीवाल्यानं सगळ्या फायली 'आई' खात्याच्या कप्प्यातही नेऊन ठेवल्या. घरी गेल्यावर लेक स्वयंपाकघरात होती. बाईंनी लॅपटॉप दाराशी ठेवला आणि तिच्या फोटोवर बोट ठेवलं. बाहेरून येऊन घरात आहेस का बघायची, ती हाक. दोनदा. आतून "ओ, आहे गं!" असं उत्तर आलं, आणि मग भांडं पडल्याचा आवाज.

मदतीच्या नंबरावरच्या त्या मुलाला मी पुन्हा फोन केला. शिव्या तयार होत्या. पण त्यानं मधेच थांबवून, नक्की काय केलंत ते पहिल्यापासून सांगायला लावलं, आणि फोन चालू ठेवूनच स्वतःच्या यंत्रावर प्रोग्रॅम नव्यानं टाकून बघितला. बराच वेळ नुसता कळफलकाचा आवाज. मग अगदी लहान आवाजात, "ताई, माझ्याकडं पण तिथं नाही पडत आहेत." मूळ सूचना जुन्या यंत्रावर लिहिल्या होत्या, मराठी करणाऱ्यानं इमानानं मराठी केलं, आणि मधे कोणी गाडी बघायला काचेतून वाकलंच नव्हतं. आता त्या कागदावर खरा रस्ता छापलाय. मी स्वतः एका दुसऱ्या यंत्रावर बसून तपासला, मगच नवा कागद बाईंच्या भिंतीला लावू दिला.

बाई आता घरात भरपूर बोलतात, जरा जास्तच. जावई चपला घालून स्वयंपाकघरात गेला की लॅपटॉप त्याला दोनदा झापतो. मॅडमनी ती दोनदा म्हटलेली वाक्यं कापून एकेकदा करून देते म्हटलं, तर बाईंनी त्या लांबलचक "हंऽऽ"वर बोट ठेवलं. विषय संपला.

तुमच्याकडं माझं एक मागणं आहे, आणि मी मागणं सहसा दोनदा करत नाही. ज्याच्या हाकेची तुम्हाला सवय आहे, त्याला आजच समोर बसवा, पंखा बंद करा, आणि त्याच्याकडून तुमच्या नावाची हाक रेकॉर्ड करून घ्या. यंत्र 'जतन झालं' म्हणेल. तेवढ्यावर उठू नका. ती फाइल कुठं पडली ते शोधून काढा, तिची प्रत दुसऱ्या यंत्रावर न्या, उघडा, आणि ती हाक स्वतःच्या कानांनी ऐका.